निलगिरीखालची जागा

ब्रिस्बेन, २८ मार्च १९८३

प्रिय मर्ल,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. क्लॅरी वॉडेलचं आपणहून पत्र, म्हणजे मेहुणा काहीतरी मागणार. बरोबर ओळखलंस.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणतो, ऑगस्टात हिवाळा संपेपर्यंत हलायचं नाही. लिनेट म्हणते, हिवाळा संपल्यावरही हलायचं नाही, पण तिच्या बोलण्याकडे मी सध्या काणाडोळा करतोय. मुलगी गुणाची आहे, जावईही वाईट नाही. पण ही माणसं ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू काखेत मारून पळतात आणि एकमेकांच्या अंगावर ढीग रचतात. काल मी जावयाला विचारलं, "यात आमच्याकडच्या फुटबॉलसारखी उंच उडी मारून चेंडू झेलतात की नाही?" तो म्हणाला, "कशाला?" कशाला! मी उठून माझ्या खोलीत जाऊन बसलो.

आता काम. टोरम्बीच्या मैदानावरची माझी जागा तुला माहीत आहे. कुंपणाला लागून गाडीत बसून सामना बघणाऱ्यांच्या रांगेत, निलगिरीखाली, क्लबच्या इमारतीपासून तिसरी गाडी. लग्नाच्या वर्षापासून ती माझी आणि नोलाची, आणि तुझी बहीण गेल्यापासून माझ्या एकट्याची. नियमही तुला माहीत आहे, तुमच्या कुराबूलमध्येही तोच आहे. घरच्या मैदानावरच्या दोन सामन्यांना लागोपाठ जागा रिकामी दिसली, की ज्याची गाडी आधी येईल त्याची ती जागा. औषधवाला फॉदरगिल टपून बसलाय. गावात येऊन धड सहा वर्षं नाहीत आणि याला सावली पाहिजे!

तर माझी गाडी शेडमध्ये आहे. घरच्या सामन्यांना तेवढी ती जागेवर नेऊन लाव आणि आत बस. नुसती लावून निघून जाणं चालत नाही. आणि आम्ही गोल केला की हॉर्न वाजव. सगळी रांग वाजवतेय आणि निलगिरीखालची गाडी मुकी, असं झालं तर लोक म्हणतील क्लॅरी मेला.

टोरम्बीत दुसऱ्या कुणाला सांगू? जो जागा राखेल तो ती स्वतःचीच समजेल. तुला त्या जागेचा लोभ नाही, हा तुझा एकुलता एक गुण.

जागा राहिली तर मी परत येईन, मर्ल. हे चेष्टेत लिहीत नाहीये.

क्लॅरी


कुराबूल, ११ एप्रिल

क्लॅरी,

लाज कशी वाटली नाही रे? मी जन्मापासून कुराबूलची. नोलाने लग्नात आडनाव बदललं ते मी समजू शकले, टीम बदलली ते अजून पचलेलं नाही. आणि आता मी त्याच बेडकांच्या रांगेत बसायचं? हिरव्या जर्सीवाल्यांच्या गोलला हॉर्न वाजवायचा?

गेले. शनिवारी बारा मैल तुडवून टोरम्बीला आले आणि तुझा तो गुरांचा गोठा शेडमधून काढून मैदानावर नेला. कुत्र्याचा वास अजून माझ्या कोटाला आहे. कुत्रा मरून किती वर्षं झाली?

लाल-पांढरी टोपी घरी ठेवली होती, तरी शेजारच्या गाडीतल्या एल्व्हा क्रिम्पने ओळखलंच. काच खाली करून म्हणाली, "मर्ल, रस्ता चुकलीस की काय?"

म्हटलं, "नाही गं. तुमचा खेळ बघून बरेच दिवस हसले नव्हते."

फॉदरगिल आपली चकचकीत गाडी घेऊन दोनदा पुढून गेला. दुसऱ्यांदा त्याने हॅट काढून नमस्कार केला. मी खिम्याचा मीट-पाय खात होते, खातच राहिले.

मग तुमच्या एका लंबूटांगाने गोल केला. चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून सरळ, पांढऱ्या कोटातल्या पंचाने दोन्ही झेंडे हलवले, सगळी रांग ठणाणा करायला लागली. मी डोळे मिटले, नोलाची आठवण काढली आणि वाजवला. अर्धाच. जेवढ्यात क्लॅरी जिवंत वाटेल तेवढाच. तुझा हॉर्न आहे की आजारी बैल?

सामना तुम्ही हरलात. परतीचा प्रवास फार सुखाचा झाला.

मर्ल


ब्रिस्बेन, १९ एप्रिल

प्रिय मर्ल,

तुझे उपकार मी विसरणार नाही, पण अर्धा हॉर्न म्हणजे काय? दोन आखूड, एक लांब. आमच्या रांगेत पूर्वीपासून असंच वाजतं. तुमच्या लाल-पांढऱ्या कोंबड्यांसारखं जीव खाऊन एकदाच कोकलायचं नाही. आणि चेंडू उंच खांबाच्या बाहेरून गेला, पंचाने एकच झेंडा दाखवला, तर गोलचे सहा सोडून मिळालेल्या एका पॉइंटसाठी हात हॉर्नकडे नेऊ नकोस. तसं फक्त हौशी माणसं करतात. फॉदरगिल करतो.

इथल्या पेपरात आपल्याकडच्या फुटबॉलला शेवटच्या पानावर एवढीशी जागा असते, तीही मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबांना. टोरम्बीचं नाव कुठून यायचं? तूच लिही. कोण पडलं, कोण धावलं, कोणी पंचाला काय म्हटलं, सगळं. फोन करू नकोस, मला इथल्या फोनवर काही ऐकू येत नाही आणि लिनेटला सगळं येतं.

बाथरूममध्ये जरासा घसरलो होतो. काही झालं नाही. उगाच लिहिलं.

क्लॅरी


कुराबूल, २३ मे

क्लॅरी,

महिना झाला, तुझी ओळ नाही. समुद्रकिनारी लोळत असशील. हिवाळ्यात कोट न घालता फिरणाऱ्या माणसाचा मी तरी कशाला विचार करायचा?

तरी लिहिते. आता एका शनिवारी आमच्या मैदानावर चहा आणि मीट-पाय विकते आणि दुसऱ्या शनिवारी तुमच्या बेडकांमध्ये येऊन बसते. म्हणजे कुराबूल बाहेरगावी खेळायला गेली की मी तिथे नसते. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आमच्या क्लबचा अध्यक्ष लेस ड्रिसकॉल मला विचारत होता, "बाहेरगावच्या सामन्यांना हल्ली दिसत नाहीस, तब्येत बरी आहे ना?" मी खोकून दाखवलं.

पाऊस पुरेसा झालाय, तुमचं मैदान चिखलात गेलंय. परवा तुमचा लंबूटांग दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून इतका उंच उडाला की मी तोंडात बोटच घातलं. खाली आला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता. एल्व्हाने विचारलं, "काय, आहे की नाही?" मी म्हटलं, "पोरगा चुकीच्या गावात जन्मला."

एल्व्हा दर वेळी घरी भाजलेले गरम स्कोन आणते. नोला कशी ओरडायची त्याची नक्कल करून दाखवते. मला हे कधी माहीतच नव्हतं. नोला आमच्याकडे असताना एक शब्द मोठ्याने बोलायची नाही. तुमच्या रांगेत बसून ती पंचाला आंधळा म्हणायची! मी हसता हसता रडले आणि त्या नादात तुमचा एक गोल बिनहॉर्नचा गेला.

लवकर लिही. जागा शाबूत आहे.

मर्ल


ब्रिस्बेन, ६ जून
(पोस्टकार्ड, समोर समुद्राचं चित्र)

मर्ल, बरा आहे. हवा चांगली आहे. लिनेट काळजी घेते. लंबूटांगाचं नाव काय ते कळव. क्लॅरी


कुराबूल, २० जून

क्लॅरी,

"हवा चांगली आहे." तू मला हवेबद्दल लिहिलंस तेव्हाच समजायला हवं होतं.

शनिवारी सामन्यासाठी गाडी काढायला तुझ्या घरी गेले. फाटकाशी एजंटची पाटी. घर विकणे आहे. मी तिथेच उभी राहिले. दूधवाला थांबला आणि म्हणाला, "दहा-बारा दिवस झाले पाटी लागून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. दर पंधरा दिवसांनी मी तुझी गाडी काढते, तुझा कुत्रा हुंगते, शत्रूच्या गोलला दोन आखूड एक लांब वाजवते, आणि तुझं घर विकायला निघालंय हे मला दूधवाला सांगतो.

मग ती जागा कोणासाठी राखतेय मी? सरळ लिही. चेष्टा नको.

लंबूटांगाचं नाव रेगी.

मर्ल


ब्रिस्बेन, २७ जून

प्रिय मर्ल,

सरळ लिहितो.

बाथरूममध्ये मी जरासा घसरलो नव्हतो. बराच वेळ पडून होतो. लिनेट कामावरून आली तेव्हा सापडलो. तिचा चेहरा बघवेना. ती म्हणाली, "बाबा, तिकडे असं झालं असतं तर?"  त्या दिवशी मी घर विकायला हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी नाही म्हणावंसं वाटलं, पण तोवर तिने एजंटला फोन केला होता, पाटी तेवढी उशिरा लागली.

तुला सांगायला जीभ रेटली नाही. तू पत्रात जागा शाबूत आहे असं लिहिलंस आणि मला वाटलं, अजून आहे तर आहे. जागा आहे तोवर मी टोरम्बीचा क्लॅरी, हिवाळ्यापुरता मुलीकडे आलेला. ती गेली की मी इथला एक म्हातारा, ज्याला खेळाचं नाव काढलं की लोक "कशाला?" विचारतात.

पण तुला यात आणखी ओढणं बरं नाही. तुझ्या कोंबड्या तुझ्यावाचून बाहेरगावी जातायत. सोड ती जागा. फॉदरगिलला घेऊ दे.

क्लॅरी


कुराबूल, ११ जुलै

क्लॅरी,

तू जागा सोड म्हटल्यावर सोडायची का, याचा मी विचार करत होते. तेवढ्यात दुसरंच घडलं.

शनिवारी टोरम्बी विरुद्ध कुराबूल, तुमच्या मैदानावर. मी ठरवून गेले होते की आमच्या गोलला हात मांडीवर आणि तोंड बंद. चारपैकी तीन क्वार्टर तशीच बसले. तुमच्या प्रत्येक गोलला इमानाने वाजवलं. एल्व्हाने मला दोन स्कोन जास्त दिले.

शेवटी आम्ही चार पॉइंटांनी मागे. बेकरीतल्या आमच्या ऑलीला अगदी कडेला चेंडू मिळाला, तिथून खांब धड दिसतही नाहीत. त्याने मारला. चेंडू वाकडा गेला, जमिनीवर टप्पा पडला, आत वळला. पंचाने वाकून रेघ बघितली आणि सरळ उभा राहून दोन्ही बोटं पुढे केली. गोल!

आणि हॉर्न वाजला. लांबच लांब. वाजून थांबल्यावर मला कळलं की निलगिरीखालच्या गाडीतूनच वाजला, आणि आत मी एकटी आहे.

सगळी रांग माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. मग तुमचा अध्यक्ष आर्ची प्लम्ब आला आणि त्याने काचेवर टकटक केलं.

"मर्ल, हा क्लॅरीचा हॉर्न का?"

"हो."

"गोल कोणाचा होता?"

"आमचा."

"आमचा म्हणजे कोणाचा?"

आता त्याला काय सांगू? म्हटलं, "आर्ची, हात आपोआप गेला."

"क्लॅरीचा हॉर्न कुराबूलच्या गोलला!" त्याचे डोळे पाणावले होते, खरंच सांगते. एल्व्हा म्हणाली, "अरे, सवय जायला वेळ लागतो." पण फॉदरगिलने आपली गाडी अगदी मागे आणून उभी केली होती. आर्चीने तिथेच निकाल दिला. जागा टोरम्बीवाल्याची. पुढच्या घरच्या सामन्याला, म्हणजे तेवीस तारखेला, त्या गाडीत टोरम्बीचा सभासद बसलेला दिसला नाही तर जागा फॉदरगिलला.

आम्ही दोन पॉइंटांनी जिंकलो. सांगायला नको, पण सांगते.

मर्ल


ब्रिस्बेन, १७ जुलै

प्रिय मर्ल,

मी इतका हसलो की लिनेटला वाटलं मला झटका आला. मग तिला वाचून दाखवलं. ती हसली नाही. "बाबा, एका पार्किंगसाठी मावशीला एवढा त्रास?" म्हणाली. पार्किंग!

एल्व्हाला सांग, नोलाची सवय जायला तीन हंगाम लागले होते. पहिल्या वर्षी तिनेही असाच वाजवला होता आणि आर्चीच्या बापाने असंच काचेवर टकटक केलं होतं.

पण झालं ते बरं झालं. तेवीसला घरीच थांब. मला वाईट वाटलं तर इथे वाटेल, कुणाला दिसणार नाही. तू खूप केलंस.

क्लॅरी


कुराबूल, २५ जुलै

क्लॅरी,

जागा शाबूत आहे.

तेवीस तारखेला त्या गाडीत टोरम्बीची सभासद बसली होती. नाव मर्ल ट्रेगेन्झा. हसायचं असेल तर हस. आर्चीने पेन पुढे केलं आणि मी फॉर्मवर सही केली. एल्व्हाने स्वतःचा हिरवा स्कार्फ माझ्या गळ्यात घातला. लोकर चांगली आहे, पण मान खाजते.

एकाच लीगमध्ये दोन क्लबांचं सभासद राहता येत नाही. म्हणून शुक्रवारी लेस ड्रिसकॉलकडे गेले आणि माझा आजीव सभासदाचा बिल्ला आणि चहाच्या खोलीची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. तो ओरडेल, चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं. तो नुसता बिल्ल्याकडे बघत बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन मी स्वयंपाक केला नाही.

तू म्हणशील, कशाला? त्या जावयासारखा. तर ऐक. नोला गेल्यावर माझ्याशी भांडणारं एकच माणूस उरलंय. दर सोमवारी सकाळी तुझा फोन यायचा, तुम्ही जिंकलात तर मला चिडवायला आणि हरलात तर पंचाला शिव्या द्यायला. ब्रिस्बेनमधून तू मला "हवा चांगली आहे" लिहितोस. मला तो माणूस नको आहे. मला तू परत हवा आहेस, आणि तुझी जागा गेली तर तू येणार नाहीस. बिल्ला काय, पत्र्याचा तर होता.

मर्ल


ब्रिस्बेन, २९ जुलै

मर्ल,

तो स्कार्फ आधी काढ. माझी जागा गेलेली मी सोसेन, तू हिरवी झालेली मला सोसणार नाही. तू टोरम्बीची झालीस तर मी सोमवारी फोन करून कोणाला चिडवू?

तुझं पत्र लिनेटला दिलं. तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच दोनदा वाचलं. मग आमचं जोरदार भांडण झालं, ती रडली, मीही रडलो. शेवटी ती म्हणाली, "बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचे आणि मावशीने रोज फोन करायचा, या अटीवर." मग घर विकायचं नाही म्हणून एजंटला तिनेच फोन केला.

गुरुवारी दुपारच्या बसने येतोय. काही करू नकोस. काही रांधू नकोस. कोणाला सांगू नकोस.

क्लॅरी


कुराबूल, ८ ऑगस्ट

प्रिय लिनेट,

तुझा बाप सुखरूप पोचला. काठी टेकतो, पण तोंड पूर्वीसारखंच चालतंय. बाथरूमचे दांडे बसले. पाटी मीच उपटली. लाकूड वाळलेलं होतं, त्याच संध्याकाळी शेगडीत गेलं.

गुरुवारची गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तो सांगणार नाही. बसमधून उतरल्यावर घरी जायच्या ऐवजी म्हणाला, "मला तुमच्या क्लबात ने." गुरुवारी सरावानंतर तिथे सगळे जेवायला असतात. तुझ्या बापाने त्या खोलीत आजवर पाऊल ठेवलं ते फक्त आम्ही हरल्यावर हसायला. त्याला दारात बघून काटे-चमचे थांबले.

तो सरळ लेससमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमची ही बाई परत घ्या."

लेस म्हणाला, "का? खराब निघाली?"

"अगदीच. हंगामभर वापरून बघितली. आमच्या गोलला अर्धाच हॉर्न वाजवते आणि तुमच्या गोलला पूर्ण. आमच्या काही कामाची नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "वापरलेला माल परत घेत नाही!" सगळे हसले. मग तुझ्या बापाने हॅट काढली. तेव्हा हसणं थांबलं.

"लेस," तो म्हणाला, "तिने हे माझ्यासाठी केलं. मला माझी जागा हवी होती म्हणून तिने स्वतःची सोडली. ती तुमचीच आहे, जन्मभर तुमचीच होती. मी विनंती करतोय. टोरम्बीवाल्याने तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही. आज मागतोय."

लेसने खिशात हात घातला आणि माझा बिल्ला काढला. खिशातच घेऊन फिरत होता! म्हणाला, "मी कोणाला कळवलंच नव्हतं. म्हटलं, हंगाम संपेपर्यंत बाईचं डोकं ठिकाणावर येईल." मी चहाच्या भांड्याकडे तोंड केलं आणि पोटभर रडून घेतलं. तुझा बाप आमच्या पोरांमध्ये बसून मटणाचा रस्सा ओरपत होता आणि मीठ कमी आहे म्हणत होता.

शनिवारी आमचा सामना नव्हता, म्हणून मी त्याच्याबरोबर टोरम्बीला गेले. फॉदरगिलने हात हलवला, बिचारा. एल्व्हाने तुझ्या बापाच्या गालाचा मुका घेतला. तो गाडीच्या चाकामागे बसला, काच खाली केली आणि पहिल्याच मिनिटाला पंचाला आंधळा म्हणाला. त्यांनी अख्ख्या दुपारी दोन गोल केले, त्याने दोन्ही वेळा वाजवला, दोन आखूड एक लांब, आणि प्रत्येक वेळी मी नीट ऐकतेय का बघायला तिरप्या नजरेने माझ्याकडे बघितलं.

अकरा गोलांनी हरले. इतक्या आनंदात मी त्याला फार दिवसांनी पाहिलं.

तुझी,
मर्लमावशी